अक्षरांचा हरवलेला तक्ता

शेदीडशे वर्षांपूर्वीचा मोडी कागद आज वाचता येतो. मोडी रोजच्या वापरातून गेली, पण तिच्या मुळाक्षरांचे तक्ते छापलेले होते. तक्ता समोर ठेवून आजही कुणीही ती शिकू शकतो. पंचवीस वर्षांपूर्वीची संगणकातली मराठी मात्र अनेकदा वाचता येत नाही. असं का व्हावं?

१९९१ साली भारतीय मानक ब्युरोनं भारतीय लिप्यांसाठी ‘इस्की’ हा संकेत ठरवला. त्याच वर्षी युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीत देवनागरीला जागा मिळाली. पण डीटीपीच्या दुकानांत चालणारे फॉन्ट वेगळ्याच वाटेनं गेले. इंग्रजी अक्षरांच्या घरांत त्यांनी मराठी अक्षरांचे तुकडे बसवले. कोणत्या घरात कोणता तुकडा, हे ज्याचं त्यानं ठरवलं.

माझा पहिला कवितासंग्रह १९९९ साली इथंच, तेव्हाच्या उस्मानाबादेत, असा टाइप झाला. पुढं पुस्तकाच्या प्रती संपल्या. उरलेल्या एका प्रतीची निम्मी पानं वाळवीनं खाल्ली. सीडी होती, पण ती उघडली की पडद्यावर नुसता इंग्रजी अक्षरांचा चिवडा!

ओळखीतला एक तरुण प्रोग्रॅमर मदतीला आला. फॉन्टसोबतच्या पुस्तिकेत टाइप कसं करायचं ते होतं, आतला तक्ता नव्हता. कंपनीला फोन केला, तर उत्तर आलं, “ती जुनी आवृत्ती आम्ही आता बघत नाही.” पोरगा वैतागला. “चाचा, कुलूप यांनीच लावलं आणि किल्लीचं नावही काढत नाहीत,” म्हणाला.

मग वाळवीतून वाचलेली पानं आणि फाइल शेजारी ठेवून त्यानं एकेक अक्षर जुळवलं. ‘कविता’ या शब्दात जुन्या फाइलमध्ये वेलांटी ‘व’च्या आधी, युनिकोडमध्ये ‘व’च्या नंतर. ‘दर्गा’मधला रफार जुन्या फाइलमध्ये ‘ग’च्या मागं, युनिकोडमध्ये ‘र’ आधी. ‘वाऱ्यावर’चं तर प्रत्येक वेळी ‘वार्यावर’ होई. तीन आठवड्यांनी कविता परत आल्या. तीन मात्र आल्याच नाहीत. त्या दुसऱ्याच कुठल्या तरी फॉन्टमध्ये होत्या आणि त्यांची छापील पानं वाळवीनं नेली होती.

हा प्रश्न माझ्या एकट्याचा नाही. किती दिवाळी अंक, गावांचे इतिहास, छोट्या प्रकाशकांची पुस्तकं अशी सीडींत अडकली असतील! धंदा बंद करायला, जुनी आवृत्ती सोडून द्यायला हरकत नाही. पण जाताना अक्षरांचा तक्ता सर्वांसाठी खुला करावा. एक-दोन पानांचंच तर काम आहे.

आणि आपण? घरात जुनी सीडी असेल, तर फॉन्टचं नाव कागदावर लिहून ठेवा. मजकूर युनिकोडमध्ये आणून घ्या. छापील प्रत तर मुळीच टाकू नका. तक्ता हरवला, की तीच तक्त्याचं काम करते.