पाणीवाल्या बाईंचे गाव

वडनेर भोलजीसारख्या गावात मुंबईतील एका नेत्या स्त्रीचे स्मरण कशासाठी, असा प्रश्न येथील कार्यकर्त्यांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर पाण्यात आहे. आपल्या नांदुरा तालुक्यातून पूर्णा वाहते, आणि तिच्या खोऱ्यात खारपाणपट्टा पसरलेला आहे. विहीर खणावी, पाणी लागावे आणि ते तोंडात धरवू नये, हे दुःख या पट्ट्यातील बायाबापड्यांना कोणी समजावून सांगावे लागत नाही. मृणाल गोरे यांचे राजकारण हंडा वाहणाऱ्या स्त्रीच्या अशाच कष्टांतून उभे राहिले.

१९२८ साली जन्मलेल्या मृणालताईंनी वैद्यकीय शिक्षण अर्धवट सोडून राष्ट्र सेवा दलाचे काम पत्करले. समाजवादी कार्यकर्ते केशव ऊर्फ बंडू गोरे यांच्याशी त्यांनी आंतरजातीय विवाह केला आणि गोरेगाव ही त्यांची कर्मभूमी झाली. १९५८ साली बंडू गोरे गेले. पदरी लहान मुलगी असलेल्या, तिशीतल्या त्या स्त्रीने सार्वजनिक कामातून निवृत्त व्हावे, असे कोणासही वाटले असते. त्यांनी मात्र साऱ्या गोरेगावचाच संसार अंगावर घेतला.

१९६१ साली त्या मुंबई महापालिकेवर निवडून गेल्या. झोपडी बेकायदा, म्हणून तिला नळ नाही, हा तेव्हाचा सरकारी न्याय होता. घर बेकायदा ठरवता येईल, तहान बेकायदा कशी ठरवणार, हा त्यांच्या लढ्याचा आशय होता. लोकांनी त्यांना ‘पाणीवाली बाई’ म्हटले. ही पदवी कोणत्याही विद्यापीठाने दिलेली नव्हती.

१९७२ साली त्या आमदार झाल्या. त्याच वर्षी महागाई प्रतिकार संयुक्त महिला समितीच्या झेंड्याखाली अहिल्या रांगणेकर यांच्यासारख्या कम्युनिस्ट भगिनींसह त्यांनी गृहिणींना रस्त्यावर आणले. लाटणे आणि थाळी ही त्या लढ्याची हत्यारे होती. आणीबाणीत त्यांनी तुरुंगवास भोगला आणि १९७७ साली त्या लोकसभेत पोहोचल्या.

पुढे जनता पक्ष फुटला, समाजवादी विखुरले. ही आपल्या चळवळीची जखम आहे आणि ती झाकून ठेवण्यात अर्थ नाही. परंतु पक्ष मोडत असताना मृणालताईंचे गाव मोडले नाही. नागरी निवारा परिषदेच्या द्वारे, कमाल जमीन धारणा कायद्याचा आधार घेऊन, गोरेगावनजीक दिंडोशीला सामान्य माणसांसाठी हजारो घरे उभी राहिली. १७ जुलै २०१२ रोजी त्या गेल्या. ती घरे आजही नांदती आहेत.

मित्रहो, तालुक्याचे काम हे वरच्या पदाकडे जाण्याची पायरी होय, असा समज आपल्यातही रुजला आहे. दिल्लीला जाऊन आलेल्या मृणालताईंची ओळख अखेरपर्यंत गोरेगावच्या नळाशीच जोडलेली राहिली, आणि त्यात त्यांना कमीपणा वाटला नाही. याच तालुक्यातील जिगाव प्रकल्पाने एकीकडे सिंचनाची आशा आणि दुसरीकडे विस्थापनाची चिंता निर्माण केली. पाणी आणि पुनर्वसन या दोन्ही मागण्या एकाच तोंडाने मांडणारा कार्यकर्ता येथे हवा आहे. कोणत्या वस्तीत गोड पाणी पोहोचत नाही, तेथे हंडा कोण वाहते, किती अंतरावरून वाहते, याची यादी त्याने घरोघर फिरून करावी. बाईंच्या स्मरणाचा आरंभ त्या यादीपासून व्हावा.