ऱ्होडियमभोवतीचा फॉस्फरस

डाव्या आणि उजव्या हातांप्रमाणे एकमेकांच्या आरशातील प्रतिमा असलेले, पण एकमेकांवर तंतोतंत न बसणारे रेणू कायरल म्हणवतात. सजीवांच्या शरीरात अशा दोन रूपांचे वर्तन भिन्न असते आणि म्हणूनच कंपवातावर एल-डोपा हे औषध ठरते, तर त्याचे डी-रूप निरुपयोगी असते. नेहमीच्या संश्लेषणात ही रूपे निम्मी-निम्मी तयार होत असल्यामुळे एकच रूप हवे असल्यास उत्प्रेरकालाच कायरल करावे लागते.

अशा प्रयत्नांचा पाया ठरलेल्या, रसायनशास्त्रज्ञ विल्किन्सन यांच्या उत्प्रेरकात ऱ्होडियमला तीन ट्रायफेनिलफॉस्फीन रेणू लिगंड म्हणून, म्हणजे धातूला इलेक्ट्रॉनयुग्म देऊन बांधलेले घटक म्हणून, जोडलेले असतात आणि तो द्रावणात राहूनच दुहेरी बंधावर हायड्रोजन चढवतो. तीन वेगळे गट धारण करणारा फॉस्फरस, नायट्रोजनप्रमाणे सहज उलटत नसल्यामुळे, आपले कायरल रूप टिकवतो. या गुणाचा आधार घेऊन मोन्सँटो कंपनीतील विल्यम नोल्स यांनी 1968 मध्ये ट्रायफेनिलफॉस्फीनच्या जागी कायरल फॉस्फीन योजले, तेव्हा एका रूपाचे दुसऱ्यावरील आधिक्य जेमतेम 15 टक्के भरले. हा आकडा व्यवहारात कुचकामी होता, परंतु मार्ग खरा आहे एवढे त्याने सिद्ध केले. 1971 मध्ये कागां आणि दांग या रसायनशास्त्रज्ञांनी टार्टारिक आम्लापासून डायॉप हा लिगंड घडवून कायरलता फॉस्फरसवरच असावी लागते हा समज मोडीत काढला. त्यातील दोन फॉस्फरस धातूला दोन बाजूंनी धरतात आणि कायरलता त्यांना जोडणाऱ्या कार्बनसाखळीत असते. नोल्स यांनी यातील जोडणीची कल्पना तेवढी उचलली, कायरलता मात्र फॉस्फरसवरच ठेवली, आणि त्यातून साकारलेल्या डायपॅम्प या लिगंडने एल-डोपाच्या संश्लेषणात सुमारे 95 टक्के आधिक्य दिले.

या यशाचे कारण मात्र अपेक्षेहून निराळे निघाले. ऱ्होडियम, लिगंड आणि ज्यावर हायड्रोजन चढवायचा ते असंपृक्त आम्ल यांची दोन संकुले बनतात. त्यांतील विपुल असलेले, म्हणजे अधिक स्थिर, संकुलच उत्पादनाला जन्म देत असणार असे मानणे स्वाभाविक होते. जॅक हॅल्पर्न यांच्या अभ्यासाने दाखवले की स्फटिकरूपात हाती येणारे ते संकुल जवळजवळ निष्क्रिय असते, आणि अत्यल्प प्रमाणात असलेले दुसरे संकुल हायड्रोजनशी इतक्या वेगाने अभिक्रिया करते की बहुतेक सर्व उत्पादन त्याच्याच वाटे येते. संकुलांची आपापसांतील अदलाबदल हायड्रोजनच्या वेगापुढे मागे पडली की निवड ढासळते. म्हणून दाब वाढवल्यास काम लवकर होते खरे, पण शुद्धता घटते. यावरून केवळ दिसणाऱ्या संकुलाच्या रचनेवरून लिगंडचे मूल्यमापन करणे किती धोक्याचे, हे ध्यानात येते.

नोल्स यांच्यासह 2001 च्या नोबेल पारितोषिकाचे मानकरी ठरलेले र्‍योजी नोयोरी यांच्या बायनॅप या लिगंडमध्ये कायरल कार्बनही नाही आणि कायरल फॉस्फरसही नाही. दोन नॅप्थलिन खंडांना जोडणाऱ्या बंधाभोवतीचा पीळच तेथे कायरलता देतो. या एकाच रूपाच्या बायनॅपसह ऱ्होडियमऐवजी रुथेनियम वापरल्यास अभिक्रियेचा मार्ग बदलतो आणि अमिनो आम्लांच्या अशाच पूर्वसंयुगांपासून विरुद्ध रूपाचे उत्पादन मिळते.