ऋणको राष्ट्रे आणि परतफेडीचा प्रश्न

एखाद्या व्यापाऱ्याने कर्ज काढले आणि ते त्याला फेडता आले नाही, तर त्याच्यासाठी न्यायालय आहे. ते त्याच्या मालमत्तेची मोजदाद करते, धनकोंची यादी तयार करते, रुपयामागे कोणाला किती मिळावे हे ठरविते आणि अखेरीस त्याला नादार जाहीर करून पुन्हा संसार मांडण्याची मोकळीक देते. राष्ट्राची गोष्ट निराळी आहे. राष्ट्राला नादार ठरविणारे न्यायालय जगात कोठेही नाही. त्याची भूमी लिलावात निघत नाही हे खरे. परंतु त्याच्या हिशेबाचा कायमचा निकाल लावणाराही कोणी नसतो. त्यामुळे संकटात सापडलेल्या ऋणको राष्ट्राचे भवितव्य पुष्कळसे त्याच्या धनकोंच्या शहाणपणावर अवलंबून राहते.

सरकारचे कर्ज दोन प्रकारचे असते. आपल्याच जनतेकडून, आपल्याच चलनात घेतलेले कर्ज हा पहिला प्रकार. ते भारी झाले तर कर वाढवावे लागतात, किंवा नोटा छापून चलनवाढीच्या रूपाने लोकांवर अदृश्य कर बसवावा लागतो. उपाय वाईट खरा, पण तो सरकारच्या हाती असतो. परकीय चलनात घेतलेल्या कर्जाचे तसे नाही. कोलंबोच्या किंवा लुसाकाच्या टांकसाळीत डॉलर निघत नाही. तो मिळवावा लागतो. चहा विकून, तांबे विकून, शिवलेले कपडे विकून, प्रवाशांचे आदरातिथ्य करून किंवा आपली माणसे परदेशी मजुरीला धाडून तो मिळतो. म्हणजे अशा कर्जाच्या फेडीला दोन पायऱ्या असतात. देशातून कर गोळा करणे ही पहिली आणि त्या पैशाचे परकीय चलन करणे ही दुसरी. पहिल्या पायरीवर पाय घसरला तर दोष बव्हंशी राज्यकर्त्यांचा. दुसरी पायरी मात्र जगाने त्या देशाचा माल घेतला तरच चढता येते.

हे तत्त्व युरोपने फार मोठी किंमत देऊन शिकून घेतले. पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीकडून जबर खंडणी वसूल करण्याचे ठरले, तेव्हा केन्स यांनी १९१९ मध्येच इशारा दिला होता की, आपला माल विकू न शकणारा देश हे ओझे पेलणार नाही. तरीही १९२१ मध्ये १३२ अब्ज सुवर्ण मार्कांचा आकडा ठरविण्यात आला. त्यापुढची दोन दशके सर्वांना माहीत आहेत. दुसऱ्या महायुद्धानंतर मात्र धनको अधिक सावध झाले. २७ फेब्रुवारी १९५३ रोजी लंडन येथे पश्चिम जर्मनीच्या परकीय कर्जाविषयी करार झाला. युद्धाच्या खंडणीचा प्रश्न त्यात पुढे ढकलण्यात आला. परंतु महायुद्धापूर्वीचे रोखे आणि युद्धानंतरची मदत मिळून सुमारे ३० अब्ज मार्कांचे देणे जवळजवळ निम्म्यावर आणले गेले. व्याज उतरविले, मुदती लांबविल्या, आणि आरंभीची पाच वर्षे बव्हंशी केवळ व्याजावर भागविले. सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी की, जर्मनीची अंतर्गत अर्थव्यवस्था विस्कटू नये आणि तिची परकीय चलनाची गंगाजळी अवाजवी आटू नये, हा विचार वाटाघाटींचा पायाच मानला गेला. धनकोला परतफेड हवी असेल तर त्याने ऋणकोचा माल विकत घेतला पाहिजे, असा त्याचा सरळ अर्थ होता. पुढे जर्मनीचा जो उत्कर्ष झाला, त्याची इतरही कारणे होती. पण हा करार त्यांतले एक होय.

या करारावरील धनको राष्ट्रांच्या नामावळीत अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स यांच्याबरोबर आशियातील काही देश आहेत. त्यांत एक नाव सिलोनचे आहे. अवघ्या पाच वर्षांपूर्वी स्वतंत्र झालेले हे बेट तेव्हा ऋणकोला सवलत देणाऱ्यांच्या पंक्तीत बसले होते. त्यानंतर ६९ वर्षांनी, १२ एप्रिल २०२२ रोजी, त्याच देशाने, आजच्या श्रीलंकेने, आपल्या परकीय कर्जाची फेड थांबविल्याची घोषणा केली. स्वातंत्र्यानंतर असा प्रसंग त्याच्यावर पहिल्यांदाच आला. या दोन तारखांच्या मधला इतिहास नव्या राष्ट्रांच्या ऋणाचा प्रश्न समजावून घेण्यास फार उपयोगी आहे.

चहा, रबर आणि नारळ या तीन पिकांवर उभे असलेले हे बेट तांदूळ बाहेरून आणत असे. रबराचा भाव चढला की कोलंबोत सुबत्ता येई. उतरला की चणचण भासे. १९५२ मध्ये सिलोनने चीनशी रबर देऊन तांदूळ घेण्याचा करार केला, तो याच विवंचनेतून. पुढे तयार कपडे, पर्यटन आणि आखाती देशांतून येणारा मजुरांचा पैसा यांची भर पडली. तथापि आयात निर्यातीपेक्षा जास्त, ही स्थिती पालटली नाही. व्यापारातील खड्डा उसन्या पैशाने भरला जाई.

हे उसने पैसे पूर्वी जागतिक बँक, आशियाई विकास बँक आणि जपानसारखी मित्र राष्ट्रे अल्प व्याजाने व दीर्घ मुदतीने देत. लंकेचे दरडोई उत्पन्न वाढले आणि तिची गणना मध्यम उत्पन्नाच्या देशांत होऊ लागली, तसा हा झरा आटत गेला. प्रगतीचे बक्षीस म्हणून महाग कर्ज वाट्याला यावे, हा या व्यवस्थेतील मोठा विरोधाभास होय. २००७ मध्ये श्रीलंकेने आंतरराष्ट्रीय बाजारात ५० कोटी डॉलरचे पहिले रोखे विकले. मुदत पाच वर्षांची, व्याज शेकडा सव्वाआठ. अशा रोख्यांचे मुद्दल हप्त्याहप्त्याने फिटत नाही. मुदत संपल्या दिवशी ते एकरकमी द्यावे लागते. तेव्हा हाती पैसे नसतील तर नवे रोखे काढून जुने फेडायचे. बाजाराचा विश्वास असेतो हा क्रम चालतो. विश्वास उडाला की एका दिवसात थांबतो. धरणे, रस्ते, बंदरे यांचे फळ मिळायला वीस-पंचवीस वर्षे लागतात आणि पैसे मात्र पाच-दहा वर्षांत परत द्यायचे असतात. या दोहोंचा मेळ कोणत्याही अर्थमंत्र्याला घालता येणार नाही.

संकटाचा दोष बाहेरच्यांवर ढकलून मोकळे होणे मात्र न्यायाचे होणार नाही. २०१९ च्या अखेरीस नव्या सरकारने मूल्यवर्धित कर १५ टक्क्यांवरून ८ टक्क्यांवर आणला. सरकारचा महसूल राष्ट्रीय उत्पन्नाच्या दहा टक्क्यांहून खाली घसरला. लागलीच महामारी आली आणि पर्यटनाची आवक बंद पडली. २०२१ मध्ये रासायनिक खतांच्या आयातीवर अकस्मात बंदी घालण्यात आली. ती नोव्हेंबरमध्ये मागे घेतली, पण तोपर्यंत भाताचे पीक घटले होते आणि वाचविलेले परकीय चलन तांदळाच्या आयातीवर खर्ची पडत होते. अंथरूण पाहून पाय पसरावेत हे शहाणपण खरेच. येथे पाय पसरून झाल्यावर अंथरूणच कापण्यात आले.

२०१९ च्या अखेरीस साडेसात अब्ज डॉलरहून अधिक असलेली गंगाजळी दोन वर्षांत जवळजवळ संपली. तरीही १८ जानेवारी २०२२ रोजी सरकारने मुदत भरलेले ५० कोटी डॉलरचे रोखे वेळेवर फेडले. रोखेधारकांना पूर्ण रक्कम मिळाली. त्यानंतरच्या काही आठवड्यांत पेट्रोल आणि स्वयंपाकाच्या गॅससाठी रांगा लागल्या, रुग्णालयांत औषधे मिळेनात, आणि छपाईचा कागद नाही म्हणून पश्चिम प्रांतातील शाळांच्या परीक्षा पुढे ढकलाव्या लागल्या. आपली पत राखण्यासाठी राष्ट्राने कोणाच्या तोंडचा घास काढावा, हा प्रश्न अशा वेळी पुस्तकी राहत नाही. जुलैमध्ये लोक राष्ट्राध्यक्षांच्या निवासात शिरले आणि राष्ट्राध्यक्ष देश सोडून गेले. सप्टेंबरात महागाईचा वार्षिक दर सुमारे ७० टक्क्यांवर पोहोचला. जागतिक बँकेच्या अंदाजानुसार त्या एका वर्षात दरिद्री लोकांचे प्रमाण जवळजवळ दुप्पट झाले.

चिनी कर्जाने लंका बुडाली, असे एक मत फार प्रचलित आहे. हंबनटोटाचे बंदर २०१७ मध्ये सुमारे १ अब्ज १२ कोटी डॉलर घेऊन ९९ वर्षांच्या पट्ट्याने चिनी कंपनीकडे गेले, हे खरे. पण तो पैसा बंदराच्या कर्जात वळता झाला नाही. तो गंगाजळीत गेला आणि बंदराचे कर्ज सरकारच्या डोक्यावर तसेच राहिले. परकीय कर्जात एकतृतीयांशाहून मोठा वाटा बाजारातील रोख्यांचा होता. त्या रोख्यांचा मालक एक नव्हे, हजारो. आणि ज्याचा चेहरा दिसत नाही त्या धनकोशी बोलणी करणे सर्वांत कठीण.

येथेच जागतिक व्यवस्थेतील उणीव उघडी पडते. सरकारी धनकोंचा पॅरिस क्लब १९५६ पासून चालत आला आहे. परंतु चीन त्याचा सभासद नाही आणि रोखेधारकांवर त्याची सत्ता नाही. राष्ट्रांसाठी नादारीची रीतसर पद्धत असावी, अशी योजना नाणेनिधीच्या ॲन क्रूगर यांनी २००१ मध्ये मांडली. २००३ मध्ये ती बारगळली. २०२० मध्ये जी-२० राष्ट्रांनी गरीब देशांसाठी समान चौकट आखली. त्याच वर्षी कर्ज थकविणाऱ्या झांबियाला ती चौकट वापरून रोखेधारकांशी तडजोड करण्यास २०२४ साल उजाडले. श्रीलंका त्या चौकटीतही बसत नव्हती. भारताने २०२२ मध्ये तिला सुमारे चार अब्ज डॉलरची मदत दिली आणि जानेवारी २०२३ मध्ये नाणेनिधीला हमी देणारा तो पहिला धनको ठरला. मार्चमध्ये निधीने सुमारे तीन अब्ज डॉलर मंजूर केले. लंकेचा निधीशी झालेला हा सतरावा करार. सरकारी धनकोंशी समझोता जून २०२४ मध्ये झाला आणि रोख्यांची अदलाबदल डिसेंबरात पार पडली. मधल्या काळात मूल्यवर्धित कर १८ टक्क्यांवर गेला. म्हणजे धनकोंनी सवलत देण्यापूर्वीच सामान्य गिऱ्हाइकाने आपला हप्ता भरावयास सुरुवात केली होती.

भारताला हा अनुभव अगदीच परका नाही. १९९१ मध्ये गंगाजळी दोन-तीन आठवड्यांच्या आयातीपुरती उरली, तेव्हा रिझर्व्ह बँकेचे सुमारे ४७ टन सोने तारण म्हणून मुंबईहून परदेशी पाठवावे लागले. भारताने हप्ता चुकविला नाही. केंद्र सरकारने डॉलरमधील रोखे परदेशी बाजारात विकण्याचा विचार २०१९ च्या अंदाजपत्रकात मांडला होता. त्यावर बरीच टीका झाली आणि तो मागे पडला. आपले बहुतेक कर्ज आपल्याच चलनात ठेवण्याची ही सावधगिरी लहान देशांना मात्र नेहमीच परवडत नाही. त्यांच्या घरी तेवढी बचतच नसते.

श्रीलंकेच्या नव्या रोख्यांत एक कलम मनोवेधक आहे. मूळ सूट मुद्दलाच्या २७ टक्क्यांची. परंतु देशाचे उत्पन्न अपेक्षेहून वाढले तर सूट कमी होईल, घटले तर वाढेल. परतफेड ऋणकोच्या कुवतीशी जोडण्याचे १९५३ चे तत्त्व येथे निराळ्या वेषात परत आले आहे. मात्र लंडनला धनको एकत्र बसले होते आणि ऋणको पुन्हा उभा राहावा अशी त्यांची स्वतःचीच गरज होती. शीतयुद्धाच्या छायेत दुबळा जर्मनी त्यांना परवडणारा नव्हता. लुसाका किंवा कोलंबो सावरले नाही तर आपले काय जाईल, हे आजच्या धनकोंना तितके स्पष्ट दिसत नाही. म्हणूनच ही सवलत प्रसंगाच्या लहरीवर न ठेवता तिला नियमाचे रूप यावयास हवे. ऋणकोने कर वसूल करावेत, हिशेब उघडा ठेवावा, मिळकत देणाऱ्या कामासाठीच परकीय कर्ज काढावे. आणि धनकोने वेळेवर सूट द्यावी व ऋणकोचा माल आपल्या बाजारात येऊ द्यावा. यांतले पहिले कर्तव्य गरीब राष्ट्रांना वारंवार सांगितले जाते. दुसरे १९५३ मध्ये ज्यांनी पाळले त्यांत सिलोनही होते, आणि ते दाखवून देण्याचा त्या बेटाला आज पूर्ण अधिकार आहे.