भरल्या पोटी मेलेली पिल्लं

मी महाबळेश्वर तालुक्यात बचत गटांची समन्वयक म्हणून काम करते. आज मी कोंबडीच्या एका रोगाविषयी बोलणार आहे. माझं शिक्षण बी.ए., जनावरांचं डॉक्टरकीचं नाही. पण हा रोग आमच्या गटात आला, आणि कोंबड्यांच्या आधी त्यानं माणसांतच भांडण लावलं, म्हणून तो नीट समजून घ्यावा लागला.

तापोळ्याकडच्या एका गटातल्या वहिनींनी अंतर्गत कर्ज काढून 200 पिल्लं आणली. हंगामात महाबळेश्वरच्या हॉटेलांना कोंबडी लागतेच, त्यामुळे हिशेब चांगला बसत होता. चौथ्या आठवड्यापर्यंत पिल्लं टवटवीत होती. मग एका सकाळी सात मेली, दुसऱ्या दिवशी एकोणीस. खोकला नाही, मान वाकडी नाही, गळाची पिशवी दाण्यानं भरलेली. रात्री खाऊन बसलेलं पिल्लू सकाळी आडवं. आठवड्यात 200 ची 112 राहिली.

आम्हाला मरतुकीचं कारण एकच माहीत, मानमोडी. तिची लस तर दिलेली होती. मीही एक चूक केली. दुकानातून अँटिबायोटिकची पुडी आणून पाण्यात घालायला सांगितली. काही फरक पडला नाही, पैसे मात्र गेले. तोवर गटात कुजबुज सुरू झाली होती, की वहिनींनी पिल्लं गुपचूप हॉटेलला विकली आणि आता मेली म्हणून सांगतात. मेलेली पिल्लं त्यांनी घाईनं ओढ्याकाठी टाकून दिली होती, त्यामुळे दाखवायला पुरावाही नव्हता.

शेवटी मी त्यांना म्हटलं, उद्या मरेल ते पिल्लू फेकू नका, बर्फात ठेवा. ते घेऊन आम्ही दोघी पशुवैद्यकीय दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी आमच्यासमोर पिल्लू फाडलं. हृदयाभोवती पातळ पिशवी असते, ती पिवळसर पाण्यानं टम्म भरलेली होती आणि त्यात हृदय सोललेल्या लिचीसारखं तरंगत होतं. लिची आपल्याकडे पिकत नाही, पण बाजारात पाहिली असेल तुम्ही. म्हणूनच या रोगाला भारतात लिची रोग म्हणतात. यकृतही सुजलेलं आणि फिकं पडलेलं. यकृताचा तुकडा प्रयोगशाळेत गेला आणि उत्तर आलं, ॲडिनो विषाणू, प्रकार चौथा.

पाकिस्तानात कराचीजवळ अंगारा गोठ नावाचं ठिकाण आहे. तिथे 1987 साली हा रोग पहिल्यांदा ओळखला गेला, म्हणून त्याला अंगारा रोगही म्हणतात. 1994 च्या सुमारास तो आपल्या देशात दिसला. तीन ते सहा आठवड्यांच्या ब्रॉयलर पिल्लांना तो जास्त धरतो.

आता विषाणू म्हणजे काय? एक बारीक डबी आणि तिच्यात एक लांब चिठ्ठी. स्वतःला कसं वाढवायचं याची कृती त्या चिठ्ठीत चार अक्षरांत लिहिलेली असते. कोंबडीच्या ॲडिनो विषाणूची चिठ्ठी साधारण 45 हजार अक्षरांची. कोंबडीची स्वतःची चिठ्ठी 100 कोटींच्या आसपास, म्हणजे हा किती लहान बघा. डबीला बारा कोपरे, आणि कोंबडीच्या विषाणूला एकेका कोपऱ्यावर दोन दोन काड्या. या काड्या पेशीच्या कुलपाला किल्लीसारख्या लागतात. अक्षरांच्या फरकावरून कोंबडीच्या ॲडिनोचे पाच गट आणि बारा प्रकार केले आहेत. प्रकार ओळखायला प्रयोगशाळा डबीच्या भिंतीचं जनुक वाचते. सगळेच प्रकार मारणारे नसतात. काही धडधाकट कोंबडीच्या पोटातही सापडतात.

या डबीवर चरबीचं आवरण नसतं. करोनाला होतं, म्हणून तो साबणानं मोडायचा. हा तसा सहज मोडत नाही. विष्ठेतून तो तुसात, भांड्यात, आपल्या चपलांना लागून खुराड्याखुराड्यांत फिरतो. शेड रिकामी करून, धुऊन, डॉक्टर सांगतील त्या प्रमाणात फॉर्मेलिन किंवा ब्लीचचं पाणी मारावं लागतं, आणि तेही माणसं-पिल्लं आत नसताना, नाका-तोंडाला कापड बांधून. आमच्याकडच्या पावसात तूस सुकत नाही, मका बुरशीनं काळा पडतो. तो मका खाऊन पिल्लाची ताकद आधीच गेलेली असते, मग रोग जोरात धरतो. गंबोरो येऊन गेलेल्या पिल्लांचंही तसंच.

या रोगावर औषध नाही. लस आहे. सुरुवातीला मेलेल्या कोंबड्यांचं यकृत वाटून, फॉर्मेलिननं विषाणू मारून लस करायचे. ऐकायला कसंतरी वाटतं, पण तिनं साथ थोपवली. पुढे प्रयोगशाळेत पेशींवर विषाणू वाढवून, मग मारून लस होऊ लागली. आता नुसत्या काडीचं जनुक घेऊन लस बनवण्याचंही काम चालू आहे. पूर्ण डबी नकोच, किल्ली ओळखता आली की पुरे. मुख्य म्हणजे आईकोंबडीला लस दिली, तर अंड्यातल्या बलकातून पिल्लाला संरक्षण मिळतं. आणि आई रोगी असेल, तर त्याच अंड्यातून विषाणूही उतरतो.

हाच ॲडिनो आपल्या दंडातही गेलाय बरं का. पुण्यात बनलेली कोविशील्ड आपण 2021 मध्ये घेतली, ती चिंपांझीच्या ॲडिनो विषाणूपासून केलेली. त्याच्या चिठ्ठीतला वाढ करणारा भाग कापला आणि तिथे करोनाच्या काट्याची कृती घातली. म्हणजे गाडी तीच, माल दुसरा. जनावरांसाठीही हीच युक्ती करतात. अमेरिकेत 2012 मध्ये लाळ्या-खुरकूताची अशी लस सशर्त मंजूर झाली. ती करताना खुरकुताचा जिवंत विषाणू पाळावाच लागत नाही, हा तिचा मोठा फायदा. आपल्या गाईम्हशींना सरकारी मोहिमेत मिळते ती मारलेल्या विषाणूची. कुत्र्याची गोष्ट तर आणखी मजेची. यकृताचा रोग करणाऱ्या पहिल्या प्रकाराची लस दिली की काही कुत्र्यांचा डोळा निळा पडायचा. मग खोकला आणणाऱ्या दुसऱ्या प्रकाराची लस देऊन पाहिली, तर तिनं दोन्ही रोग थांबले. चुलतभावाला ओळखलं की घर ओळखतंच.

पुन्हा आमच्या गटाकडे येते. अहवालाचा कागद मी बैठकीत वाचून दाखवला. बराच वेळ कुणी बोललं नाही. मग जी बाई सगळ्यांत जास्त बोलली होती, तीच उठून वहिनींच्या शेजारी जाऊन बसली. माफी कुणी मागितली नाही. हप्ता तीन महिने पुढे ढकलायचा ठराव झाला, आणि आता मरतूक झाली की पहिलं पिल्लू फेकायचं नाही, बर्फात ठेवायचं, हेही वहीत लिहिलं. उरलेली मेलेली पिल्लं ओढ्यापासून लांब, खोल खड्ड्यात चुना टाकून पुरली. हे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं.

पुढची पिल्लं घेताना वहिनींनी स्वतः फोन लावला. "आयांना ॲडिनोची लस दिली का, आणि कागद देता का?" पलीकडचा माणूस म्हणाला, "बाई, तुम्हाला पिल्लं पाहिजेत का चौकशी?" वहिनींनी फोन ठेवला आणि दुसरा नंबर लावला. तिसऱ्या ठिकाणी कागद मिळाला. पिल्लामागं दोन रुपये जास्त पडले. या वेळी 150 च आणली.