मासे सोडले, आता वाफ्यात लावायचे काय?

(जिल्हा बैठकीतील भाषणाचा मजकूर)



मागच्या बैठकीत अ‍ॅक्वापोनिक्सवर बोलणे झाले ते टाकी, पंप आणि माशांपाशीच संपले. माशांच्या टाकीतले पाणी भाजीच्या वाफ्यात फिरवायचे, भाजीने त्यातले खत उचलायचे आणि निवळलेले पाणी परत माशांकडे, एवढे सगळ्यांना समजले आहे. बैठक उठता उठता मागच्या रांगेतल्या एक मावशी बोलल्या, "ते समदं खरं, पण त्यात लावायचं काय?" खरा प्रश्न तोच होता. मासा वर्षातून एकदा, फार तर दोनदा पैसा देतो. आठवड्याच्या बाजाराला पैसा येणार तो भाजीचा. भाजी चुकली की कर्जाचा हप्ता चुकला. म्हणून आज फक्त भाजीवर बोलू.

आधी आमची चूक सांगतो. आमच्या गटाने शेड उभे केले तेव्हा सामान विकणाऱ्याने लेट्यूसचे बी बरोबर दिले. त्याच्या रंगीत कागदावर लेट्यूसचेच चित्र होते. जानेवारीत पीक झकास आले. मार्चअखेर शेडमधला पारा ३५ अंशांच्या वर गेला, रोपांना दांडा सुटला आणि पाने कडू झाली. बरे, जानेवारीतले झकास पीक तरी कुठे विकले? तालुक्याच्या बाजारात त्याला गिऱ्हाईक नव्हते. बायका हातात घेऊन बघत, "ही शिजवायची कशी" विचारत आणि पालकाची जुडी घेऊन जात. निम्मे शेळ्यांनी खाल्ले. लेट्यूस वाईट नाही. ज्याचे पुण्या-मुंबईच्या हॉटेलांशी बोलणे झाले आहे, ज्याची गाडी रोज जाते, त्याने थंडीत खुशाल लावावे. आमचे तसे काही नव्हते. आम्ही चित्र बघून पीक निवडले.

आता या पाण्यात खत येते कुठून ते बघा. ते आकाशातून पडत नाही, आपण विकत घेतलेल्या माशांच्या खाद्यातून येते. खाद्यात प्रथिने भरपूर, म्हणून पाण्यात नत्र भरपूर. माशांनी सोडलेल्या अमोनियाचे जिवाणू नायट्रेट करतात आणि ते मुळे उचलतात. पण खाद्य बनवलेले असते माशासाठी. त्यात पिकाला लागणारे पालाश, चुना आणि लोह पुरेसे नसते. पालेभाजीचे मुख्य काम नत्रावर भागते. टोमॅटो, मिरची, काकडी यांना फळ धरताना पालाश लागते. ते नसले की पाने हिरवीगार आणि फळाच्या नावाने बोंब.

कॅरिबियन समुद्रातल्या सेंट क्रॉय बेटावर व्हर्जिन आयलंड्स विद्यापीठात जेम्स रॅकोसी यांनी चिलापी मासा आणि तरंगते वाफे यांवर अनेक वर्षे काम केले. तेसुद्धा पाण्यात चुना आणि पालाश आलटून पालटून घालत, वर चिलेटेड लोह देत. तेव्हा 'बाहेरून काहीच घालावे लागत नाही' असे सांगणाऱ्याला विचारा, बाबा, तुझे स्वतःचे शेड कुठे आहे?

त्याच ठिकाणी बेसिलवर, म्हणजे आपल्या सब्ज्याच्या जातीवर, एक प्रयोग झाला. सगळे वाफे एकदम लावले तेव्हा शेवटी शेवटी रोपांची उपासमार दिसू लागली, कारण सगळी एकाच वेळी खायला बसली. टप्प्याटप्प्याने लावले तेव्हा पाण्यातले खत पुरले. बाजाराच्या दृष्टीनेही तेच बरे. रोज शंभर जुड्या विकतात, एका दिवशी तीन हजार विकत नाहीत.

आता हिशेब. जागतिक अन्न व कृषी संघटनेच्या २०१४ च्या पुस्तिकेत पालेभाजीच्या एक चौरस मीटरला रोज ४० ते ५० ग्रॅम माशांचे खाद्य, फळभाजीला ५० ते ८० ग्रॅम असा आकडा आहे. शंभर चौरस मीटर पालेभाजी धरली तर रोज ५ किलो, महिन्याला १५० किलो खाद्य. मोठा मासा वजनाच्या २ टक्के खातो असे धरले तर टाकीत २५० किलो मासा हवा. आपल्या गावचा खाद्याचा भाव घाला, पंपाचे वीजबिल घाला आणि मग जुडीचा भाव मांडा. हिशेब न बसणारे पीक कितीही देखणे असो, सोडा.

फवारणीचेही तसेच. पायरेथ्रॉइड गटातले कीटकनाशक पाण्यात उतरले तर मासे गेले. बोर्डो मिश्रणातले तांबेही माशाला विष. पांढऱ्या माशीने टोमॅटोची पाने गुंडाळली की शेतात आपण पंप पाठीवर घेतो, इथे हात बांधलेले. म्हणून फवारणीशिवाय न येणारे पीक इथे नको.

मग आम्ही आज काय लावतो? पालक, कारण तो जड पाणी सोसतो आणि पुन्हा पुन्हा कापता येतो. लाल माठ. पुदिना काडीपासून लागतो आणि उन्हाळ्यात रसवंतीवाला दारात येऊन नेतो. कोथिंबीर थंडीत उत्तम, उन्हात ती लगेच फुलावर येते. उन्हाळ्यात पालेभाजीला जागा उरते तेव्हा नाळीची भाजी लावा, तिला पाणी आणि ऊन दोन्ही मानवते. अळूला श्रावणात गिऱ्हाईक शोधावे लागत नाही, पण त्याची मुळे पाइप तुंबवतात, म्हणून त्याला खडीचा वेगळा वाफा. मेथी आम्ही सोडली. ती मुळासकट उपटायची, दुसरी कापणी नाही, ती शेतातच बरी. मुळा, गाजर तरंगत्या वाफ्यात नकोतच.

वीज जाते तिथे पाइपातली लागवड टाळा. पाइपातले रोप एप्रिलच्या दुपारी काही तासांत माना टाकते, तरंगत्या वाफ्यातले मुळे पाण्यात असल्याने तगते. माशांच्या हवेसाठी बॅटरी मात्र हवीच.

विक्रीबद्दल एवढेच. २०१६ पासून राज्यात फळे-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मुक्त आहे. थेट खानावळीला, वसतिगृहाला, सोसायटीला द्या. बी टाकण्याआधी त्यांच्याकडे जाऊन या.

राहिले पाणी. रोपाला सामू ६ ते ६.५ आवडतो, जिवाणूंना ७ च्या वर, म्हणून ७ च्या थोडा खाली ठेवायचा. आपल्या पुष्कळ विहिरींचा सामू ८ च्या आसपास असतो. तिथे कोवळी पाने पिवळी आणि शिरा हिरव्या दिसल्या तर हिराकस टाकून भागत नाही, चिलेटेड लोह लागते. चुनखडीची खडी वाफ्यात घालू नका. लिंबू पिळून फेस आला तर ती चुनखडी. ज्यांनी विहिरीचे पाणी बाटलीत आणले आहे त्यांनी जेवणानंतर मंडपाच्या डाव्या टेबलावर यावे. सामू तपासायचे कागद तिथे ठेवले आहेत, आणि बाटलीवर गावाचे नाव लिहा, मागच्या वेळी सगळ्या बाटल्यांची अदलाबदल झाली.