फुगा फुटला, लायब्ररी राहिली

चर्चगेटला उतरून ओव्हल मैदान ओलांडताना राजाबाई टॉवर दिसतो ना, तो ज्या इमारतीवर उभा आहे ती मुंबई विद्यापीठाची लायब्ररी. तिच्यासाठी पैसा कुठून आला माहितीये? अमेरिकेतल्या यादवी युद्धातून! तिकडचा कापूस अडकला, इंग्लंडच्या गिरण्यांना आपला कापूस लागला आणि मुंबईत पैशाचा पूर आला. १८६४ मध्ये शेअर दलाल प्रेमचंद रायचंद यांनी लायब्ररीला २ लाख दिले. मग मनोऱ्यासाठी आणखी २ लाख, त्याला नाव आईचं, राजाबाईंचं.

पुढच्याच वर्षी युद्ध संपलं. कापूस कोसळला, शेअर्सची रद्दी झाली, प्रेमचंदही बुडाले. विद्यापीठाला दिलेले पैसे तेवढे वाचले. (माझ्या क्रिप्टोतून साधी वीटही उरली नाही, ते सोडा.)

बांधकाम १८६९ ला सुरू झालं, संपलं १८७८ ला. खर्च साडेपाच लाखांच्या आसपास, म्हणजे देणगीच्या वरच गेला. डिझाइन लंडनच्या जॉर्ज गिल्बर्ट स्कॉटचं. गडी मुंबईत कधी आलाच नाही, फुल रिमोट! आणि इमारत पूर्ण झाली त्याच वर्षी, काही महिने आधी, तो वारला.