मालवणच्या सागराचे पाहुणे



मालवणच्या सहलीस निघण्यापूर्वी तुम्हां युवकांशी थोडा संवाद साधावा, असे मनात आहे. मालवण हे केवळ पोहण्याडुंबण्याचे ठिकाण नव्हे. मराठ्यांच्या आरमाराचा इतिहास आणि आजच्या दर्यावर्दी लोकांचा संसार तेथे एकाच किनाऱ्यावर नांदतो आहे.

समोरच कुरटे बेटावर सिंधुदुर्ग उभा आहे. शिवछत्रपतींनी २५ नोव्हेंबर १६६४ रोजी त्याच्या बांधकामास आरंभ केला आणि १६६७ साली तो पूर्ण झाला. बुरुजांच्या वळणात दडविलेले महाद्वार अगदी जवळ गेल्याखेरीज नजरेस पडत नाही. चोहोंकडे खारे पाणी असता आत दूधबाव, दहीबाव व साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत. जुलै २०२५ मध्ये मराठ्यांच्या बारा किल्ल्यांचा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला. त्यांत सिंधुदुर्गही आहे.

तटबंदीइतकेच नवल तटाबाहेरच्या पाण्याखाली आहे. स्नॉर्केलिंग वा स्कूबा डायव्हिंग करताना तुम्हांस प्रवाळ दिसतील. ते दगडासारखे भासले, तरी असंख्य सूक्ष्म जीवांची ती वसाहत होय. अनेक जातींच्या माशांना तिचा आसरा असतो. तिची वाढ अत्यंत संथ असल्याने, एका पावलाने मोडलेला भाग पुन्हा उभा राहावयास वर्षे लागतात. या जीवसृष्टीच्या रक्षणार्थ १९८७ साली २९.१२२ चौरस किलोमीटरचे मालवण सागरी अभयारण्य जाहीर झाले. त्या वेळी आपल्या मासेमारीचे काय होणार, ही मच्छीमारांची चिंता निराधार नव्हती. आज त्याच समाजातील अनेक तरुण पर्यटकांना सागरतळ दाखवून चरितार्थ चालवितात. म्हणजे प्रवाळ गेले, तर जाळेही रिते आणि होडीही रिकामी!

या संदर्भात रामचंद्रपंत अमात्यांचे ‘आज्ञापत्र’ आठवते. आंबा-फणसांचे लाकूड आरमाराच्या उपयोगाचे खरे. परंतु रयतेने वर्षानुवर्षे जपलेल्या त्या झाडांना हात लावू नये, एखादे जीर्ण झाड घेणेच झाले तर धन्यास राजी करून, मोल देऊन घ्यावे, असा त्यातील आदेशाचा आशय आहे. जेथे राज्याच्या आरमारालाही ही मर्यादा होती, तेथे दोन दिवसांच्या पाहुण्याने ती पाळू नये काय?

म्हणून पाण्यात उतरताना प्रवाळावर पाय ठेवू नका, त्याचा तुकडा आठवण म्हणून उचलू नका. होडीत जीवरक्षक जाकीट घाला आणि नावाड्याचा शब्द प्रमाण माना. वारा-भरतीचे ज्ञान त्याच्यापाशी आहे. किनाऱ्यावर रापण ओढली जात असेल, तर दोरांच्या मध्ये शिरू नका. अनेक घरांची चूल त्या जाळ्यावर अवलंबून असते. सोबत नेलेले प्लॅस्टिक सोबतच परत आणा.

सिंधुदुर्गाच्या चिऱ्यांनी साडेतीनशेहून अधिक वर्षे लाटा झेलल्या आहेत. त्याच्या पायथ्याचे प्रवाळ मात्र तितके कणखर नाहीत. त्यांचे रक्षण आता तुमच्या हाती आहे. तुमचा प्रवास सुखाचा होवो!